कोराडीची प्रयोगशाळा कोराडीतच का?

सरकारी संस्थेची शाखा कुठे निघते, याबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे: मंत्री जिथला, शाखा तिथली. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण विजेची उपकरणं तपासणाऱ्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेचा, म्हणजे सगळे जिला सीपीआरआय म्हणतात तिचा नकाशा समोर ठेवला, तर वेगळाच हिशेब दिसतो. मुख्यालय बंगळुरूला. शाखा भोपाळ, हैदराबाद, नोएडा, कोलकाता, गुवाहाटी इथं आणि आपल्याकडे नागपूरला लागून असलेल्या कोराडीला. यातल्या प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारायचा: इथली अशी कोणती वस्तू होती, जी बंगळुरूला नेता येत नव्हती? उत्तर मिळालं की त्या शाखेचा निम्मा इतिहास कळतो.

संस्थेची सुरुवात १९६० साली झाली. १९४७ मध्ये साऱ्या देशाची वीजनिर्मिती क्षमता सुमारे १,३६० मेगावॉट होती. आज एकट्या कोराडीच्या वीज केंद्रात वीज बनवणारे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे १,९८० मेगावॉट. स्वातंत्र्याच्या वेळच्या अख्ख्या भारतापेक्षा जास्त वीज आता एका गावच्या हद्दीत तयार होऊ शकते. या वाढीसाठी ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, केबल, इन्सुलेटर हे सगळं देशात बनायला हवं होतं, आणि बनलेलं खरोखर टिकतं की नाही हे सांगणारा कुणी तिऱ्हाईतही हवा होता. कारखानदार स्वतःच्या मालाला प्रमाणपत्र देणार आणि वीज मंडळ ते मान्य करणार, हे जमण्यासारखं नव्हतं. परदेशी प्रयोगशाळेत माल पाठवायचा, तर परकीय चलनाची चणचण. म्हणून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारनं दोन ठिकाणी पाया घातला. बंगळुरूला संशोधन संस्था आणि भोपाळला स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) चाचणी व विकास केंद्र. म्हणजे भोपाळची शाखा ही मुख्यालयातून नंतर फुटलेली फांदी नव्हे, ती जवळजवळ जुळी बहीणच आहे.

भोपाळच का, याचं उत्तर सोपं आहे. ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं 'हेवी इलेक्ट्रिकल्स'चा कारखाना तिथं उभा राहत होता. तोच पुढे भेल या सरकारी कंपनीचा भाग झाला. मोठे ब्रेकर, मोठे ट्रान्सफॉर्मर जिथं बनणार, तिथं चाचणी हवी. काही टनांचं यंत्र हजार किलोमीटर वाहून न्यायचं, चाचणीत फेल झालं की परत आणायचं, दुरुस्त करून पुन्हा न्यायचं, असं केलं तर नवीन डिझाइन बाजारात यायला वर्षं जातील.

आता ही चाचणी म्हणजे नेमकं काय, ते जरा सावकाश बघू, कारण ते कळलं की अशा प्रयोगशाळांना एवढी जागा, एवढा पैसा आणि एवढी वर्षं का लागतात तेही कळतं.

वीजवाहिनीवर फांदी पडली, तार तुटली, की शॉर्ट सर्किट होतं. नेहमीच्या प्रवाहाच्या दहा-वीस पट प्रवाह क्षणात वाहू लागतो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण त्याआधी येतो तो धक्का. प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ढकलतात किंवा ओढतात, आणि हा जोर प्रवाहाच्या वर्गानुसार वाढतो. प्रवाह दहापट झाला तर जोर शंभरपट. त्यातही पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, प्रवाहाचं शिखर पुढे स्थिरावणाऱ्या प्रवाहाच्या साधारण अडीच पट उंच असू शकतं. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी या एका फटक्यात वाकडी होऊ शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टाकी तशीच, रंग तसाच, आतलं तांबं मात्र जागेवरून सरकलेलं. दोन वर्षांनी तो ट्रान्सफॉर्मर जातो आणि कुणालाच कारण कळत नाही.

ब्रेकरचं काम तर याहून अवघड. त्याला हा प्रचंड प्रवाह तोडायचा असतो. दोन संपर्क एकमेकांपासून दूर सरकतात तेव्हा मधल्या फटीत ठिणगीचा झोत पेटतो, काही हजार अंश तापमानाचा, आणि प्रवाह त्या झोतातूनच वाहत राहतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. ब्रेकरला संधी मिळते ती त्या शून्याच्या क्षणी. त्या क्षणी झोत विझवायचा आणि लगेच संपर्कांच्या दोन टोकांवर उसळून येणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सोसायचा. फट तेवढ्यात थंड झाली नाही तर झोत पुन्हा पेटतो. तेल, दाबलेली हवा, निर्वात पोकळी, एसएफ६ वायू हा ब्रेकरच्या तंत्रज्ञानाचा सगळा प्रवास त्या एका क्षणासाठी झाला आहे.

हे सगळं प्रयोगशाळेत घडवून आणायचं, तर तेवढी ताकद आणायची कुठून? गावच्या लाइनवर असा प्रयोग केला तर अख्खा परिसर अंधारात जाईल. म्हणून मोठ्या प्रयोगशाळा खास जनरेटर बसवतात. त्याचं चाक मोटरनं फिरवून वेगात आणायचं, मग मोटरचा पुरवठा तोडायचा, आणि फिरत्या वजनात साठलेली ऊर्जा सेकंदाच्या काही भागात समोरच्या यंत्रावर सोडायची. बंगळुरूच्या शॉर्ट सर्किट प्रयोगशाळेची क्षमता २,५०० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपियर) सांगतात. हा आकडा नुसता वाचून काही बोध होत नाही, म्हणून उलगडून बघा: ३६ किलोव्होल्टला ४० किलोअँपियर, आणि तीन फेजसाठी वर्गमूळ तीननं गुणायचं. उत्तर बरोबर २,५०० च्या आसपास येतं. म्हणजे ३६ केव्ही (किलोव्होल्ट) वर्गाचा ब्रेकर ४० हजार अँपियरचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह तोडू शकतो की नाही, हे तिथं पूर्ण ताकदीनिशी तपासता येतं. त्यापुढच्या व्होल्टेजसाठी युक्ती करावी लागते: प्रवाह एका स्रोताकडून द्यायचा आणि शून्याच्या क्षणी उच्च दाब दुसऱ्या स्रोताकडून. याला सिंथेटिक चाचणी म्हणतात. नाव नकली वाटलं तरी ब्रेकरला फरक कळत नाही, आणि जगभर ती मान्य आहे.

१९७८ साली संस्थेचं रूप बदललं. तोवर ती सरकारी खात्याचा भाग होती. आता ती ऊर्जा मंत्रालयाच्या छत्राखालची स्वायत्त सोसायटी झाली. कागदावर हा छोटा बदल आहे, पण शाखांसाठी तो मोठा ठरला. चाचणीची फी घ्यायची, ती संस्थेतच वापरायची, कारखान्यांसाठी पैसे घेऊन काम करायचं, या गोष्टी स्वायत्त संस्थेला सहज करता येतात. याची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चाचणीतून पैसा येतो, संशोधनातून लगेच येत नाही. त्यामुळे अशा संस्थेच्या शाखेला चाचणीचा काउंटर होऊन बसण्याचा धोका कायम असतो. माझं मत विचाराल तर भोपाळसारख्या केंद्राच्या नावातला 'विकास' हा शब्द 'चाचणी'च्या मागे पडणं हे त्या रचनेतच लिहिलेलं होतं.

हैदराबादच्या शाखेचं कारण मोकळी जागा. देशात ४०० केव्हीच्या वाहिन्या १९७७ पासून आल्या. त्यापुढे ८०० आणि १,२०० केव्हीचा विचार सुरू झाला. एवढ्या दाबाला हवाच फुटते. तारेभोवती निळसर प्रकाश दिसतो (याला कोरोना म्हणतात), सूं सूं आवाज येतो, रेडिओत खरखर येते. हे छपराखाली नीट मोजता येत नाही. खरी तार, खरे मनोरे आणि खरा पाऊस लागतो. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादला अतिउच्च दाबाची प्रयोगशाळा झाली, प्रायोगिक वाहिनीसह. तारा मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर मीठ आणि धुळीचा थर चढवून, धुकं सोडून तो कधी दगा देतो हेही तिथं तपासतात. उत्तर भारतात हिवाळ्यातल्या पहाटे वाहिन्या पटापट ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, त्यामागे हेच असतं: कोरडी धूळ निरुपद्रवी, ओली धूळ वीजवाहक.

गुवाहाटी आणि कोलकात्याची गोष्ट तेलाची. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल म्हणजे त्याचं रक्त, आणि डॉक्टर जसा रक्तावरून निदान करतो तसं इथंही करतात. आत कुठे ठिणग्या उडत असतील तर तेलाचे रेणू तुटून ॲसिटिलीन तयार होतो. एखादा सांधा फार तापत असेल तर इथिलीन वाढतो. इन्सुलेशनमधून विजेची नुसती बारीक गळती होत असेल तर हायड्रोजन. हे वायू तेलात विरघळलेले असतात, दहा लाखात काही भाग एवढ्या प्रमाणात. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न राहू देता घ्यायचा, उजेडापासून जपायचा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा. हायड्रोजन फार पळपुटा. आसामातल्या सबस्टेशनचा नमुना पार दक्षिणेत पाठवला, तर तिथं पोचेपर्यंत अहवालातला आकडा भरवशाचा राहीलच असं नाही. म्हणून प्रयोगशाळेनंच जवळ जायचं.

आता कोराडी.

कोराडीच्या शाखेचं नाव औष्णिक संशोधन केंद्र. बाकी शाखा वीज पाहतात, ही शाखा पोलाद, वाफ आणि कोळसा पाहते. विदर्भात कोळसा आहे, वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही वीज केंद्रं या भागात आहेत, भुसावळचं शेजारच्या खान्देशात. थोडं उत्तरेला मध्य प्रदेशात सारणी. नागपूरहून निघालं की यातलं बहुतेक सगळं एका दिवसाच्या टप्प्यात. कोराडीचं वीज केंद्र १९७४ पासूनचं. आणि या वयातच शाखेचं कारण दडलेलं आहे.

बॉयलरमधून निघणारी वाफ ५४० अंश सेल्सिअसला असते, दाब हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त. या तापमानाला पोलाद वितळत नाही, वाकतही नाही, पण अतिशय सावकाश ताणलं जातं. याला क्रीप म्हणतात. दिवसाला काहीच जाणवत नाही. वर्षाला काही जाणवत नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी नळीची जाडी कमी झालेली असते, व्यास किंचित फुगलेला असतो, आणि आतल्या स्फटिकांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या तयार झालेल्या असतात. पोकळ्या रांगेत आल्या की भेग. भेग वाढली की एक दिवस नळी फुटते. वीज केंद्रात याला नुसतं 'ट्यूब लीकेज' म्हणतात, आणि हा शब्द कानावर पडला की शिफ्टमधल्या प्रत्येकाचा चेहरा पडतो. संच बंद करायचा, बॉयलर थंड व्हायची वाट बघायची, आत शिरून वेल्डिंग करायचं, पुन्हा पेटवायचा. यात दोन-तीन दिवस सहज जातात.

त्यात आपला कोळसा. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के, आणि तिच्यात कठीण सिलिका. ही राख धुराबरोबर वेगानं नळ्यांवर आदळते आणि त्यांना बाहेरून घासत राहते. म्हणजे आतून क्रीप, बाहेरून घासणी. शिवाय नळीच्या आतल्या बाजूला वाफेमुळे ऑक्साइडचा थर चढतो. तो थर उष्णता अडवतो, म्हणून धातू आणखी तापतो. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की ठरलेल्या तापमानापेक्षा १०-१५ अंश जास्त तापमानात नळी वर्षानुवर्षं चालली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. परदेशी कोळशावर, परदेशी कंपनीनं आखलेले आयुर्मानाचे तक्ते इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळे.

कायद्यानं यात एक रेघ आखलेली आहे. भारतीय बॉयलर नियमावलीनुसार क्रीपच्या तापमानात चालणारा बॉयलर १ लाख तास चालला की त्याचं उर्वरित आयुष्य तपासून घ्यावं लागतं. १ लाख तास म्हणजे अखंड चाललं तरी साडेअकरा वर्षांच्या आत-बाहेर. प्रत्यक्षात बंद-चालू धरून त्याहून बरीच जास्त. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला देशभर जे १२० आणि २१० मेगावॉटचे संच धडाधड उभे राहिले, ते सगळे पुढच्या दीड-दोन दशकांत एकापाठोपाठ एक या रेघेवर येणार होते. त्यांना पाडायचं की चालवायचं, हे सांगणारी माणसं आणि उपकरणं लागणार होती. नवा संच बांधायला हजारो कोटी; जुना आणखी दहा वर्षं सुरक्षित चालतो असं खात्रीनं कळलं तर तेवढी वर्षं वाचली. औष्णिक संशोधन केंद्राचं खरं गिऱ्हाईक हे.

ही तपासणी कशी होते, ते पाहण्यासारखं आहे. संच ओव्हरहॉलला, म्हणजे मोठ्या देखभालीसाठी, बंद असतो. बॉयलरच्या वरच्या मजल्यावर मुख्य वाफवाहिनीचा एखादा बाक, वेल्डिंगच्या अगदी शेजारचा भाग निवडतात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं बदललेला पट्टा सगळ्यात आधी थकतो. वरचं आच्छादन काढतात. अंगठ्याएवढी जागा ग्राइंडरनं घासून, मग क्रमाक्रमानं बारीक कागदानं, शेवटी हिऱ्याच्या पेस्टनं आरशासारखी करतात. त्यावर सौम्य आम्ल लावलं की स्फटिकांच्या सीमा उघड्या पडतात. मग ॲसिटोननं मऊ केलेली सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म त्यावर दाबून बसवतात, वाळू देतात आणि अलगद सोलून काढतात. पाइप तिथंच राहतो, त्याचा ठसा काचपट्टीवर बसून प्रयोगशाळेत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली चार-पाचशे पट मोठा करून बघायचं: पोकळ्या आहेत का, सुट्या आहेत की रांगेत, की रांगा जुळून भेग झाली आहे. सुट्या असतील तर काही वर्षांनी पुन्हा या. रांगेत असतील तर लवकर या. भेग दिसली तर दुरुस्ती किंवा बदल, वाट बघत बसायचं नाही.

जोडीला अल्ट्रासोनिक लहरींनी नळीची जाडी आणि आतल्या ऑक्साइडचा थर मोजतात. थराच्या जाडीवरून नळी इतकी वर्षं खरोखर किती तापमानाला राहिली याचा अंदाज बांधता येतो. नियंत्रण कक्षातल्या नोंदवहीत ५४० अंश लिहिलेलं असेल, पण नळी खोटं बोलत नाही. काही नळ्यांचे तुकडे कापून भट्टीत, जास्त तापमानाला, वजन लटकवून ताणतात. महिनाभरात तुटणाऱ्या तुकड्यावरून वीस वर्षांचा हिशेब करायचं गणित आहे, लार्सन-मिलर म्हणतात त्याला. गणितच ते, त्यात चूक होऊ शकते, म्हणून ठसा, जाडी, भट्टी या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय जाणता माणूस आकडा सांगत नाही.

बॉयलर उचलून बंगळुरूला नेता येत नाही, आणि संच ओव्हरहॉलला बंद असतो ते मोजके दिवस. त्या दिवसांत माणसं पोचली पाहिजेत, ठसे पाहिले पाहिजेत, काही संशय आला तर पुन्हा जाऊन दुसरी जागा घासली पाहिजे. वीज केंद्राच्या शेजारी प्रयोगशाळा असण्याचा फायदा अशा वेळी कळतो. कोराडीचे जुने १२० मेगावॉटचे संच आता निवृत्त झाले, त्यांच्या पाठोपाठ ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल, म्हणजे आणखी जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे, संच आले. त्यांचं पोलाद वेगळं, दाब जास्त, आणि त्या पोलादाचा थकवा जुन्या ठशांसारखा दिसत नाही. काही आधुनिक पोलादांत पोकळ्या दिसायला लागेपर्यंत आयुष्य बरंचसं संपलेलं असतं, म्हणून कडकपणा मोजण्यावर भर द्यावा लागतो. शाखेचं काम संपलं नाही, पुस्तक बदललं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र बरीच वर्षं कुठल्याच शाखेला सुटत नव्हती. ४०० आणि ७६५ केव्हीच्या महाकाय ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट चाचणी. त्यासाठी यंत्र बोटीवर चढवून नेदरलँड्सला, अर्नहेमच्या केमा प्रयोगशाळेत पाठवावं लागे. जाणं-येणं आणि रांग धरून महिने जात. २००९ मध्ये एनटीपीसी, एनएचपीसी, पॉवरग्रिड, दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन आणि सीपीआरआय यांनी मिळून एक कंपनी काढली आणि मध्य प्रदेशात बीना इथं प्रयोगशाळा बांधली. इथं जनरेटर नाही. बीनाला ७६५ आणि ४०० केव्हीच्या वाहिन्या एकत्र येतात, ग्रिड, म्हणजे वाहिन्यांचं जाळं, तिथं इतकं भक्कम आहे की चाचणीची ताकद थेट ग्रिडमधूनच घेता येते. म्हणून जागा तीच. २०१७ पासून तिथं ४०० केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी होऊ लागली. ग्रिडवर मुद्दाम शॉर्ट सर्किट करायचं म्हणजे ग्रिडवर नियंत्रण ठेवणाऱ्या भार प्रेषण केंद्राशी वेळ ठरवूनच ते करावं लागतं.

महाराष्ट्रात याच साखळीतली पुढची जागा नाशिकजवळ शिलापूरची. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर बनवणारे मोठे-छोटे कारखाने आहेत, आणि त्यांना चाचणीसाठी भोपाळची नाहीतर बंगळुरूची वाट धरावी लागे. मोठ्या कंपनीला ते परवडतं. पन्नास कामगारांच्या कारखान्याला एकदा फेल झालेला नमुना दुसऱ्यांदा भोपाळला पाठवणं जड जातं, आणि मग डिझाइन सुधारण्याऐवजी तो जुनंच बनवत राहतो.